रात्रीची गोळी आणि माझा राग

मी सांगलीची. प्राथमिक शाळेत बाई आहे, सत्तावीस वर्षं झाली नोकरीला. हे लिहावं की नाही यात बरेच दिवस गेले कारण घरातल्या गोष्टी आहेत आणि त्यातल्या एकदोन सांगायला मला अजूनही जड जातं, पण माझ्या वयाच्या कितीतरी बायका रात्री जेवल्यावर हीच कोलेस्टेरॉलची गोळी घेतात आणि त्यातल्या एखादीला जर असं काही होत असेल तर तिच्याही घरी सगळे हेच म्हणत असणार, की वय झालं आता, स्वभाव बदलला.

सुरुवात अगदी साधी झाली. मागच्या वर्षी जूनमध्ये शाळेतल्या आम्ही चारपाच जणींनी मिळून रक्त तपासून घेतलं. माझं टोटल कोलेस्टेरॉल २६८, एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, १८२, ट्रायग्लिसराइड १९०. शुगर बरी होती, बीपी बरं होतं. पण माझे वडील मार्केट यार्डात तोलाईदार होते आणि हळदीचा सौदा चालू असतानाच त्यांना अटॅक आला, जागेवरच गेले, अठ्ठावन्नाव्या वर्षी. मी आता पंचावन्नची. त्यामुळे रिपोर्ट हातात आल्यावर माझ्या डोळ्यापुढं दुसरं काही आलंच नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी अ‍ॅटोरवास्टॅटिन २० लिहून दिली, रात्री एक, आणि मी देवाचा अंगारा घ्यावा तशी ती घ्यायला लागले, एक दिवस चुकवली नाही. हे सांगते कारण पुढं मला बरेच जण म्हणाले की तुझ्या मनातच गोळीबद्दल आधीपासून भीती असणार. माझ्या मनात गोळी नसण्याची भीती होती.

जुलैचा महिना काहीच जाणवलं नाही. ऑगस्टच्या मध्यापासून रात्री दोन-अडीचला जाग यायला लागली. टक्क जाग, जसं कुणी हाक मारून उठवलंय, आणि मग पहाटेपर्यंत कूस बदलत राहायचं आणि शाळेतल्या, माहेरच्या, पंधरा वर्षांपूर्वीच्या कुणीतरी बोललेल्या गोष्टी डोक्यात फिरत राहायच्या. पोटऱ्याही दुखायला लागल्या. पण खरी गोष्ट ती नाही, खरी गोष्ट राग. मला राग येत नव्हता असं नाही, सगळ्यांनाच येतो, पण आमच्या घरात भांडण झालं तर गप्प बसणारी मी, आणि शाळेत पोरं जिच्या पदराला लोंबकळतात ती बाई मी. गणपतीच्या दिवसात आमच्या जाऊबाई मोदकाच्या उकडीवरून काहीतरी सहज बोलल्या, काही टोचून पण नाही, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून स्वयंपाकघरातल्या चारही बायका थांबल्या. पाणी उकळत होतं तेवढाच आवाज. त्या रात्री मी माफी मागितली, त्या म्हणाल्या अहो राहू द्या हो, उपवास होता तुमचा. पण उपवास मी तीस वर्षं करते.

सप्टेंबरमध्ये शाळेत जे झालं ते आता सांगते.

माझ्याकडं दुसरीचा वर्ग होता. हातच्याची वजाबाकी चालली होती. एक मुलगा, नाव सांगत नाही, गुणी पोरगा पण हळू, त्याला ५२ वजा २७ दिले की तो ३५ लिहायचा. ही चूक सगळी पोरं करतात, सातातून दोन सहज जातात म्हणून उलटं करतात, मी हजारदा बघितलीय ती चूक आणि हजारदा काड्यांचे गठ्ठे सोडून समजावलीय. त्या दिवशी त्यानं तिसऱ्यांदा ३५ लिहिलं आणि माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी त्याची वही उचलून बाकावर आपटली. वहीचा कोपरा त्याच्या कानाला लागला. जोरात नाही लागला. पण त्यानं दोन्ही हात कानांवर ठेवले, कोपरं पोटाशी घेतली आणि मान खाली घालून तसाच उभा राहिला, रडलासुद्धा नाही. पेन्सिल घरंगळत माझ्या पायाशी आली. सत्तावीस वर्षांत मी पोराला बोट लावलं नव्हतं. शाळेत मारायला २००९ च्या कायद्यानं बंदी आली, माझ्या वर्गात ती आधीपासून होती. मला आठवतंय मी ती पेन्सिल उचलली आणि मला कळेना की ती त्याला द्यायला हात पुढं करावा की नको, कारण हात पुढं केला तर तो आणखी आकसेल.

घरी येऊन ह्यांना सांगितलं आणि खूप रडले. हे म्हणाले तुला विश्रांती पाहिजे. गोळीचा विचार त्यांच्याही मनात नाही, माझ्याही नाही, कारण हे स्वतः तीच गोळी, तोच पॉवर, माझ्याआधी दोन वर्षांपासून घेतायत आणि त्यांना कशाचा काही त्रास नाही. उलट एसटीत असताना ड्यूटीवरून आल्यावर जे तापलेले असायचे ते आता शांत झालेत असं आम्हीच म्हणायचो, रिटायर झाले म्हणून.

दिवाळीच्या आधी दूध उतू गेलं. ही दुसरी गोष्ट. भडंग करायला घेतलं होतं, एका गॅसवर लसूण-शेंगदाण्याची फोडणी आणि दुसऱ्यावर दूध, आणि सूनबाईला म्हटलं होतं दुधाकडं बघ, ती बाळाकडं गेली आणि दूध गेलं उतू. माझ्या हातातली सांडशी मी भिरकावली. तिच्यावर नाही, समोर, पण ती समोरच्या दारात होती. सांडशी स्टीलच्या डब्याला लागली आणि डब्याला पोचा पडला. सूनबाई काही बोलली नाही, बाळाला घेऊन आत गेली आणि आतून कडी लागल्याचा आवाज मला आला. माझ्या घरात माझ्या भीतीनं कुणी कडी लावली.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या त्याच डॉक्टरांकडं गेले आणि सगळं सांगितलं, झोप, पाय, राग, सगळं. ते चांगले आहेत, त्यांना वेळ नसतो एवढंच, ते म्हणाले, "बाई, पाळी जाऊन तीनचार वर्षं झाली ना, या वयात होतं असं, प्राणायाम करा, आणि लागली तर झोपेची अर्धी गोळी देतो." मी विचारलंसुद्धा की या कोलेस्टेरॉलच्या गोळीनं काही होत असेल का, तर म्हणाले त्यानं फार तर पाय दुखतात, डोक्याशी काय संबंध. मी घरी आले. प्राणायाम केला महिनाभर, मनापासून केला. मला एवढंच म्हणायचंय की पुरुष चिडला तर घरचे विचारतात ऑफिसात काय झालं का, बाई चिडली की तिची पाळी मोजतात. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती आणि राग चार महिन्यांचा होता, हा हिशोब कुणी केला नाही, मी पण नाही.

तो हिशोब माझ्या भाचीनं केला. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, औषधशास्त्रात एम.फार्म. करते, नाताळच्या सुट्टीत आली होती. जेवण झाल्यावर मी गोळी घेताना बघून तिनं सहज विचारलं, "मावशी, ही कधीपासून?" मी म्हटलं जुलै. मग तिनं विचारलं, "आणि झोप कधीपासून नाही?" मी म्हटलं ऑगस्ट. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बंद करू नकोस, पण आपण हे कुणालातरी नीट विचारू."

त्या रात्री आम्ही दोघी एक वाजेपर्यंत बसलो होतो आणि तिनं मला जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. या गोळ्या लिव्हरमध्ये कोलेस्टेरॉल तयार करणारं एक एन्झाइम अडवतात. जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात हजारो बुरश्या तपासून त्यातल्या एका निळसर-हिरव्या बुरशीत यातलं पहिलं औषध शोधलं, मेव्हास्टॅटिन. आता आपल्याला वाटतं कोलेस्टेरॉल म्हणजे रक्तातली घाण. तसं नाही. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत ते असतंच, आणि मेंदूत तर फारच, मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के पण शरीरातलं जवळजवळ पाव कोलेस्टेरॉल तिथं. आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूत जात नाही, मेंदू स्वतःचं स्वतः बनवतो. सेरोटोनिन हे मेंदूतलं एक रसायन, मन शांत राहणं, झोप, रागाला आवर घालणं यात त्याचं काम असतं. पेशीवर ते ज्या जागी जाऊन बसतं आणि निरोप देतं त्या जागेला रिसेप्टर म्हणतात, आणि तो रिसेप्टर पेशीच्या भिंतीतच रोवलेला असतो. भाची म्हणाली, "मावशी, आपलं मागचं दार बघ, पावसाळ्यात चौकट फुगली की कडी तीच, दार तेच, पण कडी बसत नाही." चौकट म्हणजे ती भिंत आणि भिंतीतलं कोलेस्टेरॉल कमीजास्त झालं की कडी नीट बसत नाही, असं.

आणि हे काम परदेशातलंच नाही, हैदराबादच्या सीसीएमबी या पेशींवर संशोधन करणाऱ्या संस्थेत अमिताभ चट्टोपाध्याय यांनी कितीतरी वर्षं याच विषयावर, म्हणजे सेरोटोनिन १ए नावाचा रिसेप्टर आणि कोलेस्टेरॉल यावर काम केलंय. त्यांच्या गटानं २०१० मध्ये दाखवलं की पेशींना बरेच दिवस मेव्हास्टॅटिन देऊन त्यांचं कोलेस्टेरॉल कमी केलं तर त्या रिसेप्टरचं काम मंदावतं, आणि पेशींना कोलेस्टेरॉल परत मिळालं की काम परत सुधारतं. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. पण भाचीनं लगेच सांगितलं की या पेशी काचेच्या भांड्यात वाढवलेल्या, मूळ उंदराच्या जातीच्या एका प्राण्याच्या, तू म्हणजे भांड्यातली पेशी नाहीस. तिचा हा स्वभाव मला फार आवडतो, एक गोष्ट सांगितली की तिची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढं जात नाही.

माणसांवरचंही तिनं सांगितलं. अमेरिकेत सॅन दिएगोला बिएट्रिस गोलोम्ब नावाच्या डॉक्टर आहेत, त्यांनी २००४ मध्ये सहा पेशंटांची हकीगत छापली होती ज्यांना या गोळ्यांवर असताना भयंकर चिडचिड व्हायला लागली, गोळी बंद केल्यावर गेली आणि त्यातल्या चौघांनी परत गोळी घेतल्यावर परत आली. सहाच माणसं. मग त्यांनीच मोठा अभ्यास केला, हजारभर स्त्रीपुरुष, सहा महिने, काहींना खरी गोळी काहींना खोटी, औषध नसलेली, त्याचा निकाल २०१५ मध्ये आला, आणि तो असा की पुरुषांमध्ये गोळीनं आक्रमकपणा साधारण कमीच झाला, पण पाळी गेलेल्या पंचेचाळिशीपुढच्या बायकांमध्ये वाढला, आणि ज्या बायका मुळात शांत होत्या त्यांच्यात जास्त वाढलेला दिसला. हे ऐकलं तेव्हा मी आतल्या खोलीत झोपलेल्या ह्यांच्याकडं बघितलं. एकाच घरात एकच गोळी.

मला तेव्हाच्या तेव्हा पाकीट कचऱ्यात टाकायचं होतं. भाचीनं हात धरला. ती म्हणाली, "आबांचं काय झालं विसरलीस का?" आबा म्हणजे माझे वडील. मग तिनं तो दुसरा, मोठा अभ्यास सांगितला, १९९४ चा, ज्याला फोर-एस म्हणतात, ४,४४४ हृदयाचे पेशंट, पाच वर्षांहून जास्त काळ, ज्यांना सिमवास्टॅटिन, याच जातीची गोळी, दिली त्यांच्यातले मृत्यू तीस टक्क्यांनी कमी. त्याच्या चार वर्षं आधी जुन्या उपायांच्या अभ्यासांवरून अशी शंका निघाली होती की कोलेस्टेरॉल खाली आणलं तर आत्महत्या, अपघात, मारामारी यांतले मृत्यू वाढतात, म्हणून लोक या अभ्यासाकडं डोळे लावून होते, तर तसे मृत्यू यात वाढले नाहीत. म्हणजे गोळी जीव वाचवते हे पक्कं आणि बहुतेकांच्या डोक्याला त्रास देत नाही हेही खरं. माझ्यासारखीला देत असेल का, एवढाच प्रश्न राहिला.

जानेवारीत आम्ही दोघी मिरजेला एका फिजिशियनकडं गेलो. तासभर नंबर लागायची वाट बघितली, पण आत गेल्यावर त्यांनी मला बोलू दिलं. वहीची गोष्ट सांगताना माझा आवाज फुटला तर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि थांबले. त्यांनी आधी टीएसएच म्हणजे थायरॉइडची तपासणी, बी१२ व्हिटॅमिन, सीपीके म्हणजे स्नायूंची तपासणी, आणि लिव्हर हे बघायला लावलं. थायरॉइड कमी असेल तर कोलेस्टेरॉलही वाढतं आणि माणूस चिडचिडं पण होतं, पायही दुखतात, म्हणून ते आधी बघायचंच असतं म्हणाले. माझं टीएसएच ३.१ आलं, म्हणजे नॉर्मल, सीपीके नॉर्मल, बी१२ बरं. एलडीएल १०४ वर आलेलं, म्हणजे गोळी तिचं काम चोख करत होती.

मग ते म्हणाले, "बाई, तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण तुमच्या तर्कावर नाही." मला आधी वाईट वाटलं. मग त्यांनी मला सॅमसन नावाचा अभ्यास समजावला. २०२० चा, इंग्लंडमधला. साठ लोक घेतले, ज्यांनी त्रास होतो म्हणून गोळी सोडली होती. प्रत्येकाला बारा बाटल्या, महिन्याला एक, चार बाटल्यांत खरी अ‍ॅटोरवास्टॅटिन २०, चारमध्ये खोटी आणि चार रिकाम्या. रोज त्रासाला शंभरपैकी मार्क द्यायचे. रिकाम्या महिन्यांत सरासरी ८, खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३, आणि खोट्या गोळीच्या महिन्यांत १५.४. म्हणजे लोकांना त्रास खरोखर होत होता, ते खोटं बोलत नव्हते, पण त्यातला नव्वद टक्के त्रास गोळी घेतोय या जाणिवेचा होता, औषधाचा नाही. त्यातल्या निम्म्यांनी हे कळल्यावर गोळी परत सुरू केली. डॉक्टर म्हणाले, तुम्ही भाचीचं ऐकलंय, आता तुम्हाला माहिती आहे की राग येऊ शकतो, आता साधी बंद करून बघितली तर बरं वाटणारच आहे. आपण तुमच्यावर तसलंच करू का.

मला हे पटलं. शाळेत पण पोराला खरंच येतंय का पाठ केलंय हे बघायचं तर गणित फिरवूनच विचारावं लागतं.

मग आमच्या जेवणाच्या टेबलावर भाची बसली, हातमोजे घालून. औषधाच्या दुकानातून रिकाम्या, आरपार न दिसणाऱ्या कॅप्सूल आणल्या होत्या, डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती. माझी गोळी अर्धी करून एकेका कॅप्सूलमध्ये दोन्ही तुकडे घालायचे आणि वर मक्याचा स्टार्च, म्हणजे हलवली तर वाजायला नको, आणि दुसऱ्यांत नुसता स्टार्च. एकशे बारा कॅप्सूल भरल्या तिनं, छप्पन्न अशा छप्पन्न तशा, चार बाटल्या, एकेकीत अठ्ठावीस. मी आणि हे दोघं तेव्हा आमराईत फिरायला गेलो होतो, आम्हाला घरात थांबूच दिलं नाही. कुठल्या बाटलीत काय ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पाकिटात आणि पाकीट डॉक्टरांच्या ड्रॉवरमध्ये. (हे स्वतःच्या मनानं कुणी करू नका. मला हृदयाचा त्रास आधी झालेला नव्हता म्हणून दोन महिने गोळीशिवाय चालतील असं डॉक्टरांनी ठरवलं, ज्यांना अटॅक येऊन गेलाय, स्टेंट आहे त्यांना हे चालणार नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.)

जानेवारीच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत, सोळा आठवडे. मी रोज रात्री गोळीच्या आधी शाळेच्या जुन्या हजेरीवहीत तीन आकडे लिहायचे, राग दहापैकी किती, झोप किती तास, पोटऱ्या दहापैकी किती. आणि मला न सांगता हे कालनिर्णयच्या मागच्या बाजूला माझ्या रागाचे त्यांचे मार्क लिहायचे. सूनबाईला पण मी सांगितलं की तू पण लिही, मनात धरू नकोस. ती म्हणाली, "आई, मी नाही लिहिणार, मला ते तुम्हाला मार्क दिल्यासारखं वाटेल." मी आग्रह केला नाही.

पहिली बाटली चांगली गेली. एक दिवस सोडून, त्या दिवशी सर्व्हेचं काम अंगावर आलं, शाळा सुटल्यावर घरोघर फिरायचं, आणि मी घरी येऊन आठ मार्कांची चिडले. त्याचं कारण सर्व्हे होता, गोळी असो नसो. दुसऱ्या बाटलीच्या दुसऱ्या आठवड्यात परत अडीचला जाग यायला लागली. मी वहीत लिहिलंय, "आज परत कुणीतरी उठवलं." तिसरी बाटली फार वाईट. मार्चमध्ये उन्हाळा, सकाळची शाळा सुरू झालेली, मी वर्गात खिशात हात घालावेत तसे दोन्ही हात पदराखाली धरून उभी राहायचे, मला माझ्या हातांची खात्री नव्हती. दोनदा मुख्याध्यापकांना सांगून वर्गाबाहेर येऊन नळावर तोंड धुतलं. तो मुलगा तेव्हा माझ्याच वर्गात होता. हातच्याची वजाबाकी त्याला दिवाळीनंतर येऊ लागली होती, मीच काड्या घेऊन शिकवली, पण वही दाखवायला यायचा तेव्हा टेबलाच्या पलीकडून वही सरकवायचा, माझ्या बाजूला यायचा नाही. चौथ्या बाटलीचे पहिले आठदहा दिवस तसेच गेले, आणि मग हळूहळू, जसं पुराचं पाणी घाटाच्या एकेका पायरीवरून उतरतं तसं ते उतरलं.

मेमध्ये पाकीट उघडलं. भाची सुट्टीला आलेली, हे, मी, तिघं समोर. डॉक्टरांनी आधी माझ्या वहीतल्या सरासऱ्या काढायला लावल्या, मग चिठ्ठी. राग पहिल्या बाटलीत २.१, दुसरीत ४.८, तिसरीत ५.३, चौथीत २.६. चिठ्ठीवर लिहिलेलं, पहिली स्टार्च, दुसरी गोळी, तिसरी गोळी, चौथी स्टार्च. ह्यांचे मार्क माझ्याहून दयेचे होते पण चढउतार तोच.

आणि पोटऱ्या? तीन, तीन, तीन, तीन, जवळजवळ सरळ रेघ. ज्या पायदुखीबद्दल मला छातीठोक खात्री होती की ही गोळीचीच, ती स्टार्चवर पण तेवढीच होती. डॉक्टर म्हणाले दिवसभर उभं राहून शिकवता, चपला बदला. म्हणजे सॅमसनवाले माझ्या पायांच्या बाबतीत बरोबर निघाले आणि डोक्याच्या बाबतीत मी बरोबर निघाले. मला हे दोन्ही सारखंच महत्त्वाचं वाटतं आणि म्हणून दोन्ही सांगते. डॉक्टरांनी हेही सांगितलं की ही एका माणसाची सोळा आठवड्यांची वही आहे, यानं माझ्यापुरता निर्णय घेता येतो, शेजारणीचा नाही. आणि सेरोटोनिनचं म्हणाल तर ते जिवंत माणसाच्या मेंदूत असं सहज मोजता येत नाही, माझ्या डोक्यात नेमकं काय झालं, रिसेप्टरची कडी बसेना, का नुसती झोप गेल्यामुळं राग आला, हे माझ्या वहीवरून सांगता येणार नाही. झोप मोडली की कुणीही चिडतं हे खरंच आहे. पण झोप तरी कशानं मोडली, ती पण बाटलीबरोबरच गेली आणि आली.

त्यांनी गोळी बदलली. रोसुवास्टॅटिन ५. ही जात पाण्यात विरघळणारी आहे, अ‍ॅटोरवास्टॅटिनसारखी चरबीत मुरणारी नाही, त्यामुळं मेंदूत कमी शिरते असं समजतात, निदान करून बघू म्हणाले. मी पहिले दोन महिने जीव मुठीत धरून घेतली, वही चालूच ठेवली. ऑगस्ट आला, गणपती आले, मी उकड काढली. राग दोनच्या आसपास. ऑगस्टच्या रिपोर्टमध्ये एलडीएल १०९. झोप सलग सहा तास.

आमच्या जुन्या डॉक्टरांना मी ती वही नेऊन दाखवली. मला भांडायचं नव्हतं. त्यांनी पानं उलटली, बराच वेळ बघितलं, आणि फोनमध्ये फोटो काढून घेतले. तेवढंच मला पुरे झालं.

सूनबाईशी मी दिवाळीआधी बोलले. तिला सगळं माहिती होतंच पण मी शब्दांत सांगितलं की सांडशी गोळीनं फेकली असेल तरी हात माझा होता, आणि तू आतून कडी लावलीस ते बरोबर केलंस, परत कधी तसं वाटलं तर परत लाव. ती रडली, मी पण. पोचा पडलेला डबा तिला बदलायचा होता, मी नको म्हटलं, त्यात आता रव्याचे लाडू आहेत. त्या मुलाच्या आईलाही भेटले, शनिवारच्या बाजारात भाजी विकते ती. ती म्हणाली, "बाई, एवढं काय त्यात, पोरगं इसरलं बी." पण तो विसरलेला नाही हे मला माहिती आहे. तिसरीत गेलाय आता, मधल्या सुट्टीत माझ्या वर्गाच्या दारातून पुढं जाताना थांबतो, हसतो, आत येत नाही. मी पण बोलवत नाही. त्याचं तो येईल तेव्हा येईल.

गेल्या महिन्यात आमच्याच शाळेतल्या एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की मला पण तीच गोळी आहे, मला पण घरात कुणी नको वाटतं, मी पण तुमच्यासारखी बंद करू का. मी म्हटलं मी बंद केलेली नाही, मी बदललीय, आणि आधी मिरजेला चला. सोबत गेले. माझी हजेरीवही पिशवीत होती, मला अगदी वाटत होतं की यांचंही माझ्यासारखंच निघणार. डॉक्टरांनी आधी टीएसएच करायला लावलं. ते १९ आलं, खूपच जास्त, म्हणजे थायरॉइड कमी. त्यांना थायरॉइड होता, कोलेस्टेरॉल बहुतेक त्यामुळंच वाढलेलं, चिडचिड आणि मरगळ पण त्याचीच असणार असं डॉक्टरांचं म्हणणं. आता त्यांना सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी आहे, आणि कोलेस्टेरॉलचं काय करायचं ते दोन महिन्यांनी रिपोर्ट बघून ठरणार आहे.